गॅस जातो कुठे?

एअर कंडिशनरमधला गॅस वापरून संपत नसतो. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकवताना पहिल्याच आठवड्यात मी हे फळ्यावर लिहीत असे आणि मुलांकडून वहीत उतरवून घेत असे. तांब्याच्या नळ्यांचे ते एक बंद वर्तुळ आहे. घरातल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होते आणि ती होताना खोलीतली उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या कॉइलकडे ढकलतो. तिथे उष्णता बाहेरच्या हवेला देऊन तिचा पुन्हा द्रव होतो आणि बारीक वाटेतून दाब उतरवत तो परत आत येतो. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. जोडकाम नीट असेल तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्र भंगारात जाईपर्यंत पुरावा. तरीही चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यांत एप्रिल लागला की घरोघरून एकच निरोप येतो: कुलिंग होत नाही, गॅस टाकून द्या.

हा समज का बसला ते कळण्यासारखे आहे. स्वयंपाकघरातला सिलिंडर रिकामा होतो, मोटारसायकलची टाकी रिकामी होते, मग एसीतला गॅस तेवढा कायमचा कसा पुरेल? शिवाय मेकॅनिकने गॅस भरला की खोली खरोखर थंड होते. गुण आलेला डोळ्यांना दिसतो. पण कमी झालेला गॅस कुठून तरी बाहेर पडलेला असतो आणि ती वाट अजून उघडीच असते. नवा गॅस त्याच वाटेने जाणार, कधी पंधरा दिवसांत, कधी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. जो मेकॅनिक दर उन्हाळ्यात एकाच घरी गॅस भरतो, त्याने त्या घरचा एसी एकदाही दुरुस्त केलेला नाही.

गळती शोधणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत चिकाटीचे आणि सर्वांत कमी दिसणारे काम आहे. बहुतेक वेळा ती जोडावर असते. तांब्याच्या नळीचे तोंड हत्याराने फुलवून, ज्याला आम्ही फ्लेअर काढणे म्हणतो, त्यावर पितळी नट आवळलेला असतो. एसी बसवणाऱ्याने घाईत फ्लेअर वाकडी काढली, नळी कापल्यावरचा कडेचा कीस साफ केला नाही, किंवा नट नको इतका आवळला, तर तिथे केसाएवढी चीर राहते. कधी दोष कॉइलमध्येच असतो. दमट हवा आणि घरातल्या रसायनांच्या वाफा मिळून तांबे आतल्या आत पोखरतात आणि सुईच्या टोकाहून लहान भोके पडतात. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही बाहेर येते आणि त्यावर धूळ बसते, म्हणून जोडाशी काळपट तेलकट डाग दिसला की अनुभवी माणसाचे बोट आधी तिथे जाते. डाग नसेल तर मात्र सगळे रीतसर करावे लागते. उरलेला गॅस काढून घ्यायचा, नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरायचा, गेजवरचा काटा लिहून ठेवायचा, थांबायचे आणि एकेका जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहायचे. गळती सापडली की फ्लेअर नव्याने काढायची किंवा भोक ब्रेझिंगने बुजवायचे, पुन्हा दाब देऊन पाहायचे, मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायची आणि शेवटी काट्यावर तोलून, यंत्राच्या पाटीवर लिहिला आहे तेवढाच गॅस भरायचा. यात अर्धा दिवस सहज जातो. नुसता गॅस टाकायचा तर तासाभरात माणूस मोकळा.

पैशांचा प्रश्न इथेच येतो. गॅसचे पैसे द्यायला लोकांची ना नसते, कारण सिलिंडर डोळ्यांसमोर असतो आणि दराची घासाघीस करता येते. शोधण्याचे पैसे मागितले की चेहरे बदलतात. वरोऱ्याच्या बाजूला दुकान असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला दुपारभर राबल्यावर ऐकावे लागले होते, "एक नट तं कसला फक्त, त्याचे एवढे पैसे कायचे?" तो नट कुठला, हे कळण्यासाठी त्याने दोन वर्षे ट्रेड केला होता आणि त्यानंतर कितीतरी उन्हाळे छपरांवर काढले होते. विचारणारा माणूस वाईट नव्हता. कापसाच्या भावाने पोळलेल्या घरात प्रत्येक नोट मोजूनच बाहेर पडते. पण या एका सवयीमुळे चांगल्या मेकॅनिकला खोटे काम करण्याचे बक्षीस मिळते आणि खऱ्या कामाचा दंड बसतो. जो वाट बुजवतो त्याला पुढच्या वर्षी बोलावणे येत नाही. जो बुजवत नाही त्याचे गिऱ्हाईक बांधलेले राहते. मुलांना दोन वर्षे मी एक शिकवले आणि बाजाराने एका उन्हाळ्यात त्यांना दुसरे शिकवले, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. त्यात मुलांना दोष देणे मला कधी जमले नाही.

शहरात हे प्रश्न नाहीत असे नाही, पण खेड्यात त्यांत अंतर मिसळते. तालुक्याच्या दुकानातून निघालेला मुलगा मोटारसायकलवर गॅसचा छोटा सिलिंडर, गेजचा संच आणि पान्यांची पिशवी नेऊ शकतो. व्हॅक्यूम पंप बांधला की मागे दुसरा माणूस बसत नाही. नायट्रोजनचा मोठा सिलिंडर तर दुचाकीवर न्यायची गोष्टच नव्हे. म्हणजे नीट काम करायला जे लागते तेच घरी राहते, आणि गावात पोचल्यावर हाताशी असते ते फक्त भरायचे साहित्य. पंप नेलाच, तर तो चालायला वीज लागते. मे महिन्यातल्या दुपारी लाईन गेलेली असली की पंप अंगणात नुसता पडून राहतो.

चिमूरच्या वाटेवरच्या एका गावात मी अशाच एका दुपारी माझ्या माजी विद्यार्थ्याबरोबर बसलो होतो. घरात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले वृद्ध गृहस्थ. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने एसी ऑनलाइन मागवून दिलेला. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी, आणि तक्रार नोंदवून बरेच दिवस झालेले. गळती बाहेरच्या युनिटच्या जोडावर सापडली होती, पण वीज नव्हती. मुलगा फोनवर काकुळतीने म्हणत होता, "दादा, आज फक्त गॅस टाका. बाबांना रात्री झोप लागली पाहिजे. बाकीचं पुढच्या महिन्यात बघू." माझा विद्यार्थी म्हणाला, "आज टाकला तं आज थंड होईल जी. पंधरा दिवसांनं पुन्हा बंद पडन, तवा नवतपा राहीन अन् मी कुठं असन ते सांगता येत नाही." नवतपा म्हणजे साधारण मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. दोघांचेही बरोबर होते. लाईन संध्याकाळी आली, पंप लागला आणि काम अंधार पडल्यावर संपले. त्या घरच्या काकूंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही. त्या दिवशी मेकॅनिकने आणखी दोन गावांचे बोलावणे टाळले होते. त्या दोन घरांतही कुणी तरी वाट पाहत असणारच, हे परतीच्या रस्त्यावर त्याच्याही मनात होते आणि माझ्याही.

या भागातला उन्हाळा ज्याने अनुभवला नाही त्याला खेड्यातला एसी चैनीचा वाटतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी इकडे पारा ४५ च्या पुढे जाणे जवळपास दरवर्षीचे, आणि काही वर्षी तो ४७ च्याही वर गेलेला आहे. आमचा पिढीजात आधार म्हणजे कूलर. कोरड्या हवेत त्याच्यासारखे स्वस्त आणि गुणी यंत्र नाही. पाणी वाळते तेव्हा हवेतली उष्णता घेऊन वाळते, एवढ्यावर तो चालतो. पण मृगाची एखादी सर पडली आणि हवा दमट झाली की पाणी वाळेनासे होते, आणि कूलर खोलीत फक्त ओल भरत राहतो. धानाच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हेच हाल. दुपारभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत असतो. तान्ही मुले, म्हातारी माणसे, हृदयाचे रुग्ण यांना ती रात्र जड जाते. एसी अशा घरांत हौसेने कमी आणि काळजीने जास्त येतो. बहुतेक घरांत तो एकाच खोलीत असतो, आणि त्या खोलीत सगळे घर झोपते. तो बंद पडणे ही त्या कुटुंबाची खरी अडचण असते. मेकॅनिकने जिने चढताना हे लक्षात ठेवावे असे मी सांगत असे.

आणि मग वीज. 'गॅस संपला' म्हणून आलेल्या तक्रारींत गॅसचा काहीच संबंध नसलेल्या तक्रारी भरपूर असतात. त्यातल्या बऱ्याच व्होल्टेजच्या. घरात २३० व्होल्ट यावेत. लाईनच्या शेवटच्या टोकाच्या घरात, रात्री सगळ्यांचे कूलर-पंखे सुरू असताना मीटर लावला तर काटा १८० च्याही खाली दिसतो. गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवली तेव्हा घरात दिवे, पंखे आणि एखादा टीव्ही एवढाच हिशेब होता. व्होल्टेज पडले की साध्या कॉम्प्रेसरची मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि आतला ओव्हरलोड तिला बंद करतो. घरातल्या युनिटचा पंखा मात्र फिरत राहतो, वारा येत राहतो, फक्त गार येत नाही. घरच्यांना वाटते गॅस गेला. सकाळी अकराला मेकॅनिक येतो तेव्हा व्होल्टेज २२५ असते आणि यंत्र छान चालते. मग तो काय सांगणार? काही तरी केल्याशिवाय पैसे मागता येत नाहीत, म्हणून तोही थोडा गॅस टाकून निघतो. आधीच भरलेल्या यंत्रात टाकलेला हा जादा गॅस दाब वाढवतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य खातो. म्हणून माझ्या मुलांना माझे सांगणे असे की गेज लावण्याआधी घरातल्या बाईला विचारा, कारण रात्री यंत्राशी तीच झगडत असते: किती वाजता बंद पडते, तेव्हा दिवे मंद होतात का, बाहेरचा पंखा फिरतो का, पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो. या चार उत्तरांत अर्धा रोग कळतो. कित्येकदा दोष एका कॅपॅसिटरचा निघतो. तो काही शे रुपयांत बदलता येतो, आणि त्यासाठी गॅसच्या नळीला हात लावण्याचीही गरज नसते.

इन्व्हर्टर एसी आल्यापासून हे दुखणे कॉम्प्रेसरकडून पीसीबीकडे, म्हणजे सर्किट बोर्डाकडे, सरकले आहे. हे यंत्र वीज कमी खाते आणि कमी व्होल्टेजही बऱ्यापैकी सोसते, पण वळवाच्या पावसात लाईनमध्ये झटका आला की बोर्ड जळतो. शिवाय बोर्डाच्या उबेला मुंग्या आणि पाली येतात, त्यांनी शॉर्ट होतो. बोर्ड महाग, तो शहरातून मागवावा लागतो, आणि जुन्या मॉडेलचा मिळेलच असे नाही. बोर्डावरचा एखादा सुटा भाग बदलून तो जिवंत करणारी दोन-तीन मुले आता तालुक्याला तयार झाली आहेत. भिंगाखाली मान घालून बसलेली ती मुले पाहिली की मला फार बरे वाटते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत घरगुती उपकरणेही होती. त्यातून निदान प्रत्येक मॉडेलची सर्किटची आकृती आणि सर्व्हिसची पुस्तिका कुणालाही मिळावी आणि ती मराठीत असावी, एवढे झाले तरी या मुलांचे हात कितीतरी मोकळे होतील.

अर्थिंगबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात. एसी बसवताना घराला अर्थिंग आहे का, हे न पाहता निघून येणारा मेकॅनिक अर्धेच काम करून येतो. कोळसा-मीठ घालून केलेला एक खड्डा आणि त्यातली पट्टी यांचा खर्च एसीच्या किमतीपुढे काहीच नाही.

धूळ हा दुसरा विषय. भद्रावती, वणी, राजुऱ्याच्या कोळशाच्या रस्त्यांवरची काळी पूड आणि जिनिंगच्या दिवसांतला कापसाचा तंतू बाहेरच्या कॉइलवर गोधडीसारखा बसतो. मग उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. पुष्कळ घरांत ते युनिट भर उन्हात स्लॅबवर ठेवलेले असते, वर सावलीला काही नाही. उन्हाळ्याआधी एकदा कॉइल पाण्याने धुतली, आतली जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धरली, तर कित्येक बोलावणी येणारच नाहीत. कवेलूच्या घरात मात्र कितीही धुतले तरी उपयोग नाही, कारण फटींतून थंडावा निघून जातो. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. खोलीत त्याहून जास्त शिरत असेल तर यंत्र रात्रभर धापा टाकते. छताखाली पडदी घाला, स्लॅबला चुन्याचा पांढरा हात द्या, पश्चिमेच्या खिडकीला ताट्या लावा, हे सांगणारा मेकॅनिक स्वतःचे नुकसान करून घेतो असे लोक म्हणतात. मला तो आपल्या विद्येला जागलेला माणूस वाटतो.

गळालेला गॅस जातो कुठे, याचेही उत्तर द्यायला हवे. तो आकाशात जातो आणि तिथे राहतो. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनच्या थराला खातो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो हळूहळू सोडला, आणि भारतातही आता तो घालून नवे एसी बनवता येत नाहीत. पण शहरात बदललेले जुने एसी सेकंडहँड होऊन खेड्यात येतात, त्यामुळे आर-२२ आमच्याकडे अजून पुष्कळ दिवस राहणार. आज सर्रास येणारा आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, तरी त्याचा एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ किलोंइतकी उष्णता धरून ठेवतो. आर-४१०ए चा आकडा दोन हजारांच्या वर आहे. एका घराचा गॅस थोडाच असतो, पण दर उन्हाळ्यात भरायचा आणि सोडायचा हा रिवाज गावोगाव चालला तर तो थोडा राहत नाही. पुन्हा, आर-३२ सौम्य का होईना पण पेट घेणारा वायू आहे, आणि नव्या यंत्रांतले तेल हवेतली ओल झटकन पिते. व्हॅक्यूम न करता गॅसच्या फवाऱ्यानेच नळ्यांतली हवा हाकलण्याची जुन्या मिस्त्रींची रीत आर-२२ ने बरीच सोसली. नवी यंत्रे ती सोसत नाहीत. आत राहिलेली ओल तेलाशी मिळून आम्ल करते आणि ते मोटरचे वाइंडिंग खाते.

सर्वांत जास्त भीती मला एका गोष्टीची वाटत आली आहे. गावात नायट्रोजन मिळत नाही, पण वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजन असतो. गळती पाहायला दाब हवा, सिलिंडर सारखाच दिसतो, मग कुणी तरी ऑक्सिजनच भरतो. दाबातला ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो, आणि समोर बसलेला माणूस वाचत नाही. हे मी प्रत्येक तुकडीला इतक्यांदा सांगितले की मुले माझी नक्कल करत. करू देत. अशा शिक्षणाची गरज सरकारनेही ओळखली होती: २०१९ च्या राष्ट्रीय कूलिंग कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. ते उद्दिष्ट योग्यच होते. पण प्रमाणपत्र घेतलेल्या मुलाला त्याच्या तालुक्यात नायट्रोजन, काटा आणि पंप मिळाला नाही, तर त्याचे शिक्षण भिंतीवरच्या चौकटीत राहते.

या वर्षी माझ्या ओळखीच्या चार मेकॅनिकनी मिळून एक व्यवस्था केली आहे. चौघांची दुकाने वेगळी, आणि गिऱ्हाइकांवरून कुरबुरीही होतात. तरी त्यांनी वर्गणी काढून नायट्रोजनचा सिलिंडर आणि एक चांगला व्हॅक्यूम पंप घेतला. दोन्ही एकाच्या दुकानात ठेवतात आणि ज्याला लागेल तो मालवाहू ऑटोतून नेतो. ऑटोचे भाडे गिऱ्हाइकाला आधीच फोनवर सांगायचे, आणि तपासणीचे पैसे वेगळे, गॅस भरला काय किंवा न भरला काय, हेही आधीच सांगायचे, असे त्यांनी ठरवले. तपासणीचा दर चौघांचा एकच, म्हणजे कुणी कुणाच्या खाली जाणार नाही. काही लोक फोन ठेवून देतात आणि दुसऱ्याला बोलावतात. काही येतात. नवतप्यात एकाच दिवशी दोघांना सिलिंडर लागला तर तो आधी कुणाकडे जायचा, यावर त्यांचा एकदा बराच वाद झाला. ज्या घरी आजारी माणूस किंवा तान्हे मूल आहे तिथे आधी, मग ते गिऱ्हाईक कुणाचेही असो, असे शेवटी ठरले, आणि ते त्यांनी दुकानाच्या फळीवर खडूने लिहून ठेवले आहे.